भाचीच्या वर्गात मामाचे तोंड

गेल्या महिन्यात फोंड्याला एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय सीमाभागाचा. वक्ते चांगले बोलले, निदान पहिला अर्धा तास तरी. शेवटी मात्र त्यांनी सूर लावला तो असा, की सीमाभागातली मराठी पोरे हल्ली फार सोशिक झाली आहेत, वर्गात कुणी मराठीविरुद्ध बोलले तर खाली मान घालून ऐकून घेतात, त्यांनी तिथल्या तिथे सणसणीत उत्तर फेकायला शिकले पाहिजे. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी आमच्याच खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते, त्यांनी तर पुढच्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. मी टाळी वाजवली नाही. 'याला काय झाले?' अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले.

झाले होते ते असे, की ते सणसणीत उत्तर मी एकदा देववलेले आहे. तेही स्वतःच्या तोंडाने नव्हे, एकोणीस वर्षांच्या भाचीच्या तोंडाने. त्याचे पुढे काय होते हे मला ठाऊक आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचे काही कारण नाही. म्हणून हा लेख.

माझी थोरली बहीण निपाणीला दिली आहे. २०२० ची दिवाळी आठवत असेलच. मार्चपासून घाट बंद, हद्दी बंद, माणसे घरात बंद. दिवाळीपर्यंत वाटा मोकळ्या झाल्या होत्या, तेव्हा यंदा भाऊबीज चुकवायची नाही म्हणून मी आंबोली चढून आजरा, गडहिंग्लज करत निपाणी गाठली. रजा जोडून घेतली होती, त्यामुळे भाऊबिजेनंतरही दोन दिवस तिथे होतो.

भाची तेव्हा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला, बेळगावच्या एका महाविद्यालयात. निपाणीच्या पोरांना घराजवळ देवचंद महाविद्यालय आहे आणि गंमत म्हणजे ते अर्जुननगरला, महाराष्ट्राच्या हद्दीत आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेले. म्हणजे निपाणीचे पोर सकाळी राज्य बदलून कॉलेजला जाते आणि दुपारी जेवायला परत कर्नाटकात येते. पण हिला बेळगावलाच शिकायचे होते. आता बेळगाव बंद, म्हणून कॉलेज तिच्या मोबाईलमध्ये येऊन बसले होते. माजघरात तांदळाच्या पिंपावर दोन वह्या, वह्यांवर मोबाईल टेकवलेला आणि समोर पाटावर ही.

त्या दिवशी तास राज्यशास्त्राचा होता. विषय राज्यांची पुनर्रचना. १९५३ साली नेमलेला फाजल अली आयोग, १९५५ चा त्याचा अहवाल, १ नोव्हेंबर १९५६ ला बदललेला नकाशा, असे सगळे सरांनी व्यवस्थित सांगितले. शेवटची पंधरा मिनिटे चर्चा करू म्हणाले. बेळगावच्या वर्गात या विषयावर चर्चा ठेवायची म्हणजे धाडसच. त्याबद्दल मला त्या सरांविषयी आजही आदर आहे.

एक मुलगा कन्नडमध्ये बोलला. मला कन्नड चार शब्दांपलीकडे येत नाही, त्यामुळे तो काय म्हणाला ते मला नंतर कळले. तो म्हणाला होता, महाजन आयोगाने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे, बेळगाव कर्नाटकाचे असे स्पष्ट सांगितले आहे, मग पुन्हा पुन्हा तेच उकरून कशाला काढायचे? भाचीने हात वर केल्याची खूण केली. सरांनी तिचे नाव घेतले. ती कन्नडमधून बोलू लागली. मराठी शाळेत दहावीपर्यंत एक विषय म्हणून शिकलेले कन्नड ते. दुसऱ्याच वाक्यात क्रियापद अडखळले असावे. कुणीतरी खुदकन हसले. दुसऱ्या कुणीतरी तिच्या हेलाची नक्कल केली. मग चार-पाच जण हसले. मोबाईलच्या त्या एवढ्याशा भोकातून आलेले ते हसू मला दारात उभ्या उभ्या ऐकू आले.

माझ्या हातात चहाचा कप होता. भाची थांबली होती. मी कप तसाच खाली ठेवला आणि दबक्या आवाजात म्हटले, "सांग त्याला, आमच्या गावात येऊन आम्हालाच अक्कल शिकवता होय? आधी स्वतःची लायकी बघा म्हणावं." तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून 'बोल, बोल' केले. तिने ते वाक्य जसेच्या तसे, मराठीत, वर्गाला ऐकवले.

पुढे दोन मिनिटे नुसता गलका. मग सरांनी सगळ्यांचे आवाज एकदम बंद केले आणि तास संपला. मी भाचीच्या पाठीवर थाप मारून "शाब्बास!" म्हटले. तिने मोबाईल पालथा घातला आणि उठून गेली.

मी गोव्याला परतल्यावर चौथ्या दिवशी ताईचा फोन आला. भाचीला वर्गासमोर माफी मागावी लागली होती. 'चर्चेत सर्वांनी आदराने बोलावे' असा नियम होता, तो तिने मोडला होता. हसणाऱ्यांना कुणी काही विचारले नाही, कारण हसू कुणाचे हे कसे ठरवायचे? मी तावातावाने काहीतरी बोलू लागलो, तेव्हा ताईने फोन भाचीकडे दिला. ती शांतपणे म्हणाली, "मामा, ते तुझं भांडण होतं की. मला वेगळंच सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं?"

"महाजन अहवालाप्रमाणं निपाणी महाराष्ट्रात जाते. आणि मी निपाणीतनंच बोलत होते की."

मित्रहो, मी खुर्चीत बसून राहिलो. माझ्याकडे बोलायला काही उरले नव्हते.

ज्यांना तपशील ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मला स्वतःला तो त्या फोननंतर वाचावा लागला, हेही कबूल करून टाकतो. महाराष्ट्राच्या आग्रहावरून केंद्राने १९६६ साली माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. १९६७ साली त्यांचा अहवाल आला. महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची आणि बेळगाव शहराची होती. महाजनांनी बेळगाव म्हैसूर राज्यातच, म्हणजे आजच्या कर्नाटकातच ठेवले. इथवर तो मुलगा बरोबर होता. पण त्याच अहवालात अडीचशेहून अधिक गावे महाराष्ट्राला द्यावीत अशीही शिफारस आहे आणि त्यांत निपाणी, खानापूर, नंदगड ही नावे आहेत. उलट बाजूने अक्कलकोट तालुका, दक्षिण सोलापूर आणि जतमधली गावे कर्नाटकाला द्यावीत असे म्हटले आहे. इतकेच काय, केरळातल्या कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भागही कर्नाटकाला द्यावा असे म्हटले आहे. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कारण खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि सलगता हे पाटसकर सूत्र सगळीकडे सारखे लावले गेले नाही असे त्याचे म्हणणे. कर्नाटकाने अहवाल अंतिम मानला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

आता त्या वर्गाचा विचार करा. एक मुलगा म्हणतो, महाजन अहवाल मानायचा. समोर निपाणीच्या माजघरात बसलेली एक मुलगी अडखळत्या कन्नडमध्ये म्हणते, "मानू या. पूर्ण मानू या. मग मी आत्ता ज्या घरातून बोलते आहे ते घर महाराष्ट्रात जाते, ते तुला मान्य आहे का?" याहून नेमके उत्तर मोठमोठ्या सभांतून मी ऐकलेले नाही. त्यात एक वावगा शब्द नाही. समोरच्याचेच म्हणणे घेऊन ते शेवटपर्यंत नेलेले आहे. आणि ते उत्तर त्या पोरीच्या जिभेवर तयार होते. ते मी तिच्या तोंडून काढून घेतले आणि त्या जागी माझी 'लायकी' कोंबली. त्या दिवशी त्या वर्गात मराठीची बाजू मांडायला एक माणूस उभे होते, त्याला गप्प कुणी बसवले? हसणाऱ्यांनी एकदा बसवले, आणि मी दुसऱ्यांदा, कायमचे.

म्हणून मला त्या 'सणसणीत उत्तरा'च्या टाळ्या सोसत नाहीत. सणसणीत उत्तर द्यायला काही लागत नाही. अहवाल वाचावा लागत नाही, समोरची भाषा शिकावी लागत नाही, समोरचा काय म्हणाला ते ऐकावेसुद्धा लागत नाही. मी तर त्या मुलाचे म्हणणे कळण्याच्या आधीच त्याला उत्तर दिले होते!

पण थांबा. याचा अर्थ 'पोरांनो, आदराने वागा, म्हणजे गप्प बसा' असा कुणी काढणार असेल तर त्यालाही माझा तितकाच विरोध आहे. आपल्याकडे वर्गातला आदर म्हणजे घडी घातलेले हात. शिक्षक आले की उभे राहायचे, प्रश्न विचारला तर 'हो सर' म्हणायचे, स्वतः होऊन प्रश्न विचारला तर तो आगाऊ. मोबाईलवरच्या वर्गांनी तर शिक्षकाच्या हाती असे बटण दिले, की त्याने साऱ्या वर्गाची तोंडे एका बोटाने मिटावीत. त्या सरांना मी दोष देत नाही. साठ-सत्तर चौकटींमधून कोण हसले हे शोधणे माणसाच्या आवाक्यातले नाही. पण त्या बटणाने भाचीचे वाईट वाक्य जसे थांबले, तसेच तिचे चांगले वाक्यही थांबले. तिला दुसऱ्या दिवशी माफी मागायची संधी मिळाली, मुद्दा मांडायची नाही. शिस्त राहिली, चर्चा मेली.

आणि माफीचे म्हणाल तर, तिने मागितली ते योग्यच. वाक्य वाईटच होते. परंतु हसणाऱ्यांनी काय केले होते? एखादा माणूस आपली नसलेली भाषा, केवळ समोरच्याला समजावे म्हणून, धडपडत बोलतो, याहून मोठा आदर दुसरा कोणता? ती मराठीतून बोलली असती तर 'हिला कन्नड येत नाही' म्हणाले असते. इंग्रजीतून बोलली असती तर 'शहाणी' म्हणाले असते. कन्नडमधून बोलली म्हणून हसले. मग बोलायचे तरी कशात? हेल, उच्चार, क्रियापद यांवर हसणे हा शिवीइतकाच अनादर आहे. फरक एवढाच, की शिवीवर नाव लिहिलेले असते आणि हसू निनावी असते. म्हणून आदराचा नियम नेहमी एकट्या माणसावर चालतो आणि घोळक्याला सोडून देतो. जिथे नियम करायचे असतील तिथे पहिला नियम हा करावा, की चुकत बोलणाऱ्याला कुणी हसणार नाही. बाकीचे नियम मग मागून आपोआप येतील.

आता हे वाचून तुमच्यापैकी काहीजण म्हणत असतील, बघा, कानडी लोक असेच. जरा दमाने घ्या. मी डिचोली तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलो. घरी कोकणी, शाळेत मराठी. पहिली-दुसरीतली गोष्ट असेल. वर्गात एक मुलगा होता, कुणब्यांचा, आमच्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा. गुरुजींनी त्याला काही विचारले. त्याने उत्तर बरोबर दिले, पण कोकणीतून. गुरुजी म्हणाले, "हे काय बाजारात आलास?" आणि आम्ही सगळे खो खो हसलो. आमच्याही घरी तीच भाषा बोलत होते, तरी हसलो. तो मुलगा पुढे वर्गात उत्तर देईनासा झाला आणि पाचवीच्या आधीच शाळेतून गेला. कारणे इतरही असतील, पण त्यात माझेही हसू आहे. निपाणीच्या माजघरात तो गलका ऐकला तेव्हा मला राग का आला हे मला आता थोडे थोडे कळते. ते हसू माझ्या ओळखीचे होते.

१९८६ हे साल आपण गोवेकर भाषेच्या आंदोलनाचे साल म्हणून ओळखतो. डिसेंबरात रस्ते पेटले, माणसे गेली आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. त्याच १९८६ च्या जूनमध्ये बेळगावात कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झाले, गोळीबार झाला, तिथेही माणसे गेली. बेळगावचे मराठी लोक सक्तीविरुद्ध उभे होते, आणि इथे मराठीवाले आणि कोकणीवाले एकमेकांविरुद्ध. आपल्याकडे तो वाद वर्गात बसून, समोरासमोर, एकमेकांचे म्हणणे ऐकून किती वेळा झाला? मी तर पाहिलेला नाही. मराठीच्या सभेत मराठीवाले, कोकणीच्या सभेत कोकणीवाले. दोन्हीकडे टाळ्या भरपूर. चाळीस वर्षे होत आली, अजून तेच चालले आहे. तेव्हा बेळगावच्या पोरांना धडे देण्याआधी आपण आपली पाटी पुसावी हे बरे.

आपल्या परंपरेत याची शिकवण नाही असे मुळीच नाही. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ समोरच्याची मोडत राहणे म्हणजे वितंडा. आपण मराठीत 'वितंडवाद' असा जोडशब्द करून टाकला आणि वाद या चांगल्या शब्दाला कायमचा बट्टा लावला. खऱ्या वादात आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, तेही असे की त्याने 'हो, हेच माझे म्हणणे' म्हणावे. मग उत्तरपक्ष. भाचीचे न बोललेले उत्तर हे शंभर टक्के या पद्धतीचे होते. माझे उत्तर धड जल्पही नव्हते.

महानुभावांच्या नागदेवाचार्यांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पंडित शिष्य संस्कृतातून लिहू पाहत होते, तेव्हा आचार्यांनी त्यांना आवरले, कारण तसे केले तर आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील. चर्चा अशा भाषेत व्हावी की शेवटच्या बाकावरचा माणूस बाहेर पडू नये, हा त्याचा अर्थ. तो मराठीपुरता ठेवायचा आणि कोकणीला लावायचा नाही, कन्नडला लावायचा नाही, हे काही मला पटत नाही. आणि कानडी मुलुखाकडे पाहाल तर बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांनी अनुभव मंटप उभा केला. अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी, सर्व जातींचे शरण समोर, अक्क महादेवीसारखी स्त्री प्रश्नांना उत्तरे देते आहे. ज्या मातीत हे झाले तिथल्या पोरांना अडखळणाऱ्या मुलीला हसायचे नसते हे मुंबई-पुण्याहून कुणी सांगायला नको. त्यांच्याच घरातले आहे ते.

बेळगावची तर ओळखच मुळी बोलण्याची. १९४६ चे मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरले, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तिथे ठरावाचे रूप आले. केवढी मोठी चळवळ, आणि तिची एक मुळी मांडवातल्या चर्चेत! पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. बेळगावात वाढलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले आणि मराठी कथा लिहीत राहिले. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते कन्नड कवी म्हणून. ही माणसे एकमेकांची भाषा ऐकून मोठी झाली. त्याच बेळगावात २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात कन्नड झेंडा नाचवणाऱ्या विद्यार्थ्याला इतर विद्यार्थ्यांनी मारल्याची बातमी वाचली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ मराठी-कन्नड बोलण्यावरून बसच्या वाहकाला मारहाण झाली, तर दोन राज्यांतली बससेवाच काही काळ विस्कळीत झाली. वर्गात तोंडाने वाद घालायला न शिकलेली पोरे पुढे हाताने घालतात. त्यात नवल ते काय?

एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो साधा नाही. कुणी म्हणेल, जानेवारी १९५६ मध्ये बेळगाव-निपाणीत माणसे गोळ्यांना बळी पडली, १९८६ मध्ये पुन्हा पडली. घटनेत ३५० अ कलम आहे, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी म्हणते. भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्के असतील तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यावेत असे ठरलेले आहे, तरी मराठीत कागद मिळण्यासाठी मोर्चे काढावे लागतात. एवढे सगळे सोसलेल्यांना तू, गोव्यात पंख्याखाली बसून, गोड बोलायला सांगतोस?

गोड बोला असे मी म्हणत नाही. भाचीचे खरे उत्तर गोड नव्हतेच, ते चांगले तिखट होते. मी म्हणतो ते एवढेच, की समोरच्याचे ऐका, त्याचे म्हणणे त्याच्यापेक्षा नीट मांडा आणि मग तोडा. मी कारकून आहे. वीस वर्षे फायली हाताळतो. रागाने लिहिलेले अर्ज रोज येतात. 'तुमचे खाते झोपले आहे काय?' वगैरे. त्यांवर 'दप्तरी दाखल' असा शेरा पडतो आणि ते झोपी जातात. पण क्वचित एखादा अर्ज येतो, शांत, मुद्देसूद, आमच्याच परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख घालून लिहिलेला. त्याला पाहिले की साहेबांना घाम फुटतो. तो दाबता येत नाही. त्याला उत्तर द्यावेच लागते. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याला हेच एक हत्यार आहे. सत्ता असलेल्याला शिवी परवडते. आपल्याला ती परवडत नाही, कारण आपण शिवी दिली की समोरच्याची सुटका होते. मग मुद्द्याविषयी कुणी विचारत नाही, शिवीविषयी विचारतात. भाचीच्या वर्गात नेमके तेच झाले.

आणखी एक सांगतो, जे आमच्या मराठी मंडळींना रुचणार नाही. सीमाभागातल्या मराठी मुलांनी कन्नड उत्तम शिकावे. सक्ती आहे म्हणून नव्हे, ज्याच्याशी वाद घालायचा त्याचे म्हणणे त्याच्या भाषेत कळावे म्हणून. मला त्या दिवशी कन्नड आले असते तर मी बहुधा गप्प बसलो असतो, कारण त्या मुलाने कुणाला शिवी दिली नव्हती, एक मत मांडले होते. हसणारे वेगळे होते. मी हसणाऱ्यांचा राग मत मांडणाऱ्यावर काढला. भाषा न येण्याचे हे फळ.

भाचीने पुढे काय केले? वर्ग पुन्हा बेळगावात भरू लागल्यावर तिने त्या मुलाला गाठले आणि व्हरांड्यात उभे राहून, अडखळत्या कन्नडमध्येच, निपाणीचा मुद्दा सांगितला. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी स्वतःच आला आणि म्हणाला, "अक्कलकोटचं का सांगितलं नाहीस? ते आमच्याकडं येतं." अहवाल त्याने वाचला होता. मग दोघांचे पुन्हा भांडण झाले म्हणे, चांगले तासभर. कोण जिंकले हे मी विचारले नाही, आणि तिने सांगितले नाही.

फोंड्याच्या त्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी मी वक्त्यांना हळूच विचारले, "महाजन अहवालाप्रमाणे निपाणी कुणाकडे जाते हो?" ते म्हणाले, "कर्नाटकाकडेच, म्हणून तर आपण तो फेटाळला!" मी काही बोललो नाही. अहवालाची माहिती लिहून एक कागद त्यांच्या पत्त्यावर पाठवून दिला आहे. शांत, मुद्देसूद, सालासकट. उत्तर अजून आलेले नाही. वाट पाहतो आहे.